अर्ध बरोबर शून्य

‘केंद्रीय भांडारात ठेवलेले प्रत्येक पॅकेज, लेखकाने दिले तसेच्या तसे, एका अक्षराचाही फरक न होता, वापरणाऱ्याच्या हाती पडते. सबब, प्रस्तुत दुर्घटनेतील दोष लेखिकेने दिलेल्या मूळ प्रतीतच होता.’

केंद्रीय भांडाराच्या सहा पानी निवेदनातली ही दोन वाक्ये आहेत. त्यांतला ‘सबब’ हा एकच शब्द मला खरा वाटतो, आणि तोही त्याच्या दुसऱ्या अर्थाने.

मी छंदःशास्त्र शिकवतो. ओळीतले एकेक अक्षर मोजून घेणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे हेही वाक्य त्याच रीतीने मोजून घेतो. ‘प्रत्येक पॅकेज’: भांडारात साठ हजारांवर पॅकेजे आहेत, ती पाहायला चौदा माणसे आहेत आणि त्यांतली नऊ प्रसिद्धी विभागात आहेत. ‘लेखकाने दिले तसेच्या तसे’: लेखिकेने तीन फायली दिल्या होत्या, वापरणाऱ्याला पाच मिळाल्या. ‘एका अक्षराचाही फरक न होता’: हे मात्र अक्षरशः खरे आहे. अक्षर बदलले नाही, अख्खी फाईल बदलली. दरवाजाच उचलून नेणाऱ्या चोराने कुलपावर ओरखडा नसल्याचे प्रमाणपत्र मागावे, तशातला हा प्रकार. आणि ‘वापरणाऱ्याच्या हाती पडते’: ज्याच्या हाती ते शेवटी पडले, त्या निवृत्त बसचालकाच्या उजव्या हातात आता पाण्याचा पेला ठरत नाही.

लेखिका म्हणजे माझी ताई. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, एका रुग्णालयात सव्वीस वर्षे फार्मासिस्ट. निवेदन प्रसिद्ध झाले त्याच दिवशी तिला कामावरून दूर करण्यात आले, आणि तिची नोंदणी कायमची रद्द करावी की नाही हे ठरवायला नोंदणी परिषदेने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. फार्मासिस्टची नोंदणी गेली की त्याला गोळीच्या पाकिटालाही व्यवसाय म्हणून हात लावता येत नाही. ताईला दुसरे काही येत नाही. दुसरे काही यावे असे तिला कधी वाटलेही नाही.

पॅकेज म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखादे बारीकसे काम कॉम्प्युटरकडून करून घेण्याची रीत कोणीतरी लिहून काढतो, चार फायली एकत्र बांधतो, वर नाव घालतो आणि जगाला सांगतो: घ्या, वापरा, उघडून पाहा, चुकले असेल तर सुधारा. ह्या उघड्या व्यवहाराला ओपन सोर्स म्हणतात. आमच्या घरात अशी दोन पॅकेजे होती आणि दोन्हींचे नाव ‘मात्रा’ होते.

ताईची मात्रा औषधाची. रुग्णाचे वजन आणि वय घालावे, डॉक्टरांनी लिहिलेले प्रमाण घालावे, की रोज किती गोळ्या हे ती सांगे आणि चिठ्ठी छापून देई. माझी मात्रा कवितेची. ओळ घालावी, की ती लघु-गुरु ओळखून किती मात्रांची आहे ते सांगे. नाव कोणी कोणाचे उचलले ह्यावरून आमच्यात वर्षानुवर्षे जुंपत असे. ताई म्हणे, ‘माझ्या मात्रेनं माणूस उठून बसतो, तुझ्या मात्रेनं आडवा होतो, एवढाच काय तो फरक.’ ती मला पंडित म्हणते; ह्या हाकेत आदर शोधणाऱ्याला तो सापडणार नाही.

त्या काळी एक सूची होती. ती चालवणाऱ्या बाई ग्रंथालयात तालिकाकार म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सारे त्यांना पत्ताबाई म्हणत, कारण त्यांच्याकडे पत्त्यांखेरीज काही नव्हते. सूचीची एक ओळ म्हणजे चार गोष्टी: पॅकेजचे नाव, लेखकाचे नाव, ते ज्या मशीनवर ठेवले आहे त्याचा पत्ता, आणि ठसा. ठसा म्हणजे पॅकेजातल्या सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली चौसष्ट अक्षरांची खूण. मजकुरात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी सगळा ठसा बदलतो. म्हणजे सूची माल ठेवत नसे. माल कुठे आहे आणि तो खरा कसा ओळखावा, एवढेच सांगे. तीत ‘मात्रा’ दोनदा होते, एकाखाली एक. पत्ते वेगळे, ठसे वेगळे. एका गल्लीत एका नावाची दोन माणसे राहतात म्हणून पोस्टमन त्यांचे लग्न लावून देत नाही.

सूचीत दोष नव्हता असे म्हणणे म्हणजे भांडारासारखे बोलणे होईल. दर पाच पत्त्यांतला एक मेलेला असे. ताईचे मशीन औषधकोठीमागच्या खोलीत होते, आणि फरशी घासण्याचे यंत्र लावायला सफाईवाल्या मावशी त्याचीच पिन काढत. मग तीन रुग्णालयांतले लोक अर्धा तास ताटकळत आणि ताईला फोन करून बोलत. मी स्वतः वैतागलेल्यांत होतो.

म्हणून केंद्रीय भांडार आले तेव्हा मी त्याचे स्वागत केले. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण ते छापलेले आहे. भांडारप्रमुख हे गोड बोलणारे, इस्त्रीचे गृहस्थ. त्यांनी घोषवाक्य काढले होते: ‘पत्ता विसरा.’ सगळ्या पॅकेजांच्या प्रती एका छताखाली, एका मशीनवर. लेखकाने एकदा आणून द्यायचे आणि निर्धास्त व्हायचे. त्यांच्या स्वागतपुस्तिकेला मी प्रस्तावना लिहिली. तीत ‘महासागर’ हा शब्द तीनदा आलेला आहे. ताई तिची मात्रा द्यायला तयार नव्हती. माझी वस्तू माझ्या डोळ्यांपुढे बरी, असे तिचे म्हणणे. मी तिला दोन महिने समजावले, आणि तिने दिली. दुसरी आवृत्ती, तीन फायली: वजन, वय, अर्ध. वर्षभराने मी माझीही दिली. ती होती तिसरी आवृत्ती, तिच्याही तीन फायली: लघु, गुरु, अर्ध.

सगळे आपल्या दारात आल्यावर भांडाराने सूची बंद करवली. एकाच गोष्टीची दोन ठिकाणी नोंद असणे गोंधळाचे आहे, असे कारण दिले. रुग्णालयानेही ताईचे जुने मशीन भंगारात काढले आणि आपले कॉम्प्युटर थेट भांडाराला जोडले: तिथे नवी आवृत्ती आली की इथे आपोआप बसेल. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. ह्या नागोबाला आम्ही वाजतगाजत आणून बसवला.

त्यानंतर भांडाराने एक नियम काढला: एक नाव, एक पॅकेज.

बसचालक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताईच्या खिडकीशी येत. रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज दीड. ह्या गोळीत अर्ध्यालाच महत्त्व असते. ते कमी पडले की गुठळी, जास्त झाले की रक्तस्राव. ताईने ‘अर्ध’ ही वेगळी फाईल ठेवली होती ती ह्याचसाठी. तीत एकच ओळ होती: अर्ध बरोबर शून्य पूर्णांक पाच.

त्या सोमवारपासून ताई तीन आठवडे रजेवर होती. सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन होते. छापून आलेल्या चिठ्ठीवर ‘रोज एक’ असे होते. खिडकीवरच्या सहायकाने तेवढ्याच गोळ्या मोजून दिल्या. बसचालकांच्या पत्नीने विचारले की ह्यांची अर्धी बंद केली का. सहायक म्हणाला, डॉक्टरांनी कमी केली असेल, म्हणजे प्रकृती सुधारतेय. दोघे आनंदाने घरी गेले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी दाढी करताना बसचालकांच्या हातून वस्तरा पडला, आणि तो उचल असे पत्नीला सांगायला त्यांना शब्द सापडेना.

त्याच एकोणीस दिवसांत ज्यांना रोज अर्धीच गोळी होती, अशा अकरा जणांच्या चिठ्ठ्यांवर ‘रोज शून्य’ छापून आले होते. ते परिचारिकांनी पाहिले, हसल्या, पेनने दुरुस्त केले आणि प्रिंटर बिघडल्याची तक्रार लिहिली. शून्य दिसले की माणूस थांबतो. एक दिसला की पुढे जातो.

ताईने कामावर परतल्यावर पहिल्या तासात चूक पकडली, चिठ्ठ्या थांबवल्या आणि स्वतः वरिष्ठांना कळवले. चूक कळवणारा हाच चूक करणारा, हा सिद्धान्त कार्यालयांत फार जुना आहे. पॅकेजवर लेखिका म्हणून तिचे नाव होते. भांडाराला विचारणा झाली, आणि तिकडून ते सहा पानांचे उत्तर आले, की पॅकेजच्या तिसऱ्या आवृत्तीत लेखिकेनेच अर्ध्याची किंमत शून्य लिहिली आहे.

ताईने तिसरी आवृत्ती कधी काढलीच नव्हती. पण ती हे मोठ्याने म्हणेना. तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडी असे. तीत ती जुन्या रुग्णांची प्रमाणे हाताने पुन्हा पुन्हा मोजत बसे, आणि उत्तर बरोबर आले तरी तिचे समाधान होत नसे.

‘मीच लिहिलं असेन रे,’ ती एकदा म्हणाली. ‘थकल्यावर माणूस काहीही लिहितो. आठवत नाही म्हणजे केलं नाही असं थोडंच आहे?’

बसचालकांच्या पत्नी तिला घरी भेटायला येऊन गेल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. दर महिन्याला ह्यांची विचारपूस करणाऱ्या तुम्हीच होतात ना, एवढे विचारून त्या थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर ताईने फोन उचलणे सोडले. परिषदेपुढे काय सांगणार, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की बहुधा कबूल करीन.

रुग्णालयातल्या एका तंत्रज्ञाने मला ती तिसरी आवृत्ती दाखवली. पाच फायली: वजन, वय, लघु, गुरु, अर्ध. लघु आणि गुरु रक्ताच्या गोळ्यांत काय करत होते, हे त्याला समजत नव्हते; त्याला वाटले ती रुग्णांच्या वजनाची वर्गवारी असावी. मी ‘अर्ध’ उघडली. अर्ध बरोबर शून्य. आणि त्या ओळीच्या वर, वाचणाऱ्याला समजावे म्हणून घातलेली टीप: ‘जोडाक्षरातल्या अर्ध्या अक्षराला स्वतःची मात्रा नसते, ते फार तर मागच्या अक्षराला जड करते.’

हे वाक्य माझे आहे. मी ते बऱ्यापैकी जपून लिहिले होते.

आता घडले काय ते उघड होते. भांडाराने एकाच नावाची दोन पॅकेजे पाहिली. एकावर दुसरी आवृत्ती, एकावर तिसरी. म्हणजे तिसरी ही दुसरीची सुधारणा, असे ठरवून त्याने दोन्ही एकत्र केली. ज्या फायलींची नावे वेगळी त्या राहू दिल्या. जिचे नाव सारखे होते, तिची जुनी काढून नवी घातली. मग ह्या कडबोळ्याचा नवा ठसा काढला, आणि तेव्हापासून रोज तो ठसा त्याच कडबोळ्याशी ताडून, जुळला, जुळला, असे स्वतःला सांगत राहिले. स्वतःच्या सहीची खात्री स्वतःच देणाऱ्याला व्यवहारात काय म्हणतात, ते मी लिहीत नाही.

इथे माझ्याही पदरी एक गोष्ट आहे. दुर्घटनेच्या काही दिवस आधी एका संशोधक विद्यार्थिनीने मला पत्र लिहिले होते: सर, वृत्त ओळखण्यासाठी तुमचे पॅकेज अलीकडे रुग्णाचे वजन आणि वय का विचारते? मला ती थट्टा वाटली. छंदःशास्त्राची थट्टा करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. तिलाही दिले नाही.

मी भांडारप्रमुखांकडे गेलो. चार मजली काचेची इमारत, खाली प्लास्टिकची झाडे, गळ्यात अडकवायला पाहुण्याची पाटी. भिंतीवर मोठा फलक होता. त्यावर भांडारातल्या पॅकेजांचा आकडा सतत वाढताना दिसे. दोनांचे एक झाले की आकडा कमी होत असेल, असा माझा भाबडा समज. तो होत नाही. एकत्र केलेल्याला नवी भर म्हणून धरतात. त्यांनी मला बसवले, प्रस्तावनेची आठवण काढली, तिच्यातला ‘महासागर’ आजही कसा अंगावर येतो ते सांगितले. मी दोन्ही मात्रांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले.

‘सर, नाव एक तर वस्तू एक,’ ते म्हणाले. ‘एका नावाच्या दोन वस्तू ठेवणं ही लेखकांची बेशिस्त. आम्ही फक्त शिस्त लावतो.’

‘कर म्हणजे हात आणि कर म्हणजे सरकारला देतो तो. तुमच्या शब्दकोशात ह्यातला कुठला ठेवाल?’

‘जो नंतर आला असेल तो,’ ते म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

ताईने दिलेली मूळ प्रत मी मागितली. जुन्या प्रती ठेवत नाही, असे कळले. जागा अडते आणि लोक चुकून जुनेच वापरतात. म्हणजे ज्या भांडाराच्या नावातच साठवण आहे, त्याने साठवलेले नव्हते ते नेमके तेवढेच, जे त्याला सांभाळायला दिले होते. ताईच्या घरी एका जुन्या पेनड्राइव्हवर तिची प्रत आहे, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मान हलवली. आज बनवलेली प्रत कालची म्हणून कोणीही आणील, ते म्हणाले. भावाने आणलेली तर नक्कीच. त्यांच्या संबंध बोलण्यात हेच एक विधान बिनतोड होते.

तेव्हा मला हवी होती ती खूण, जी ताईने नाही, मी नाही, भांडाराने नाही, तिसऱ्याच कोणीतरी त्या काळी टिपून ठेवली असेल.

पत्ताबाई दोन खोल्यांत राहतात. सगळ्या डब्यांवर त्यांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्यांतल्या काहींवर डब्यात काय आहे ह्याऐवजी ते सध्या कुठे आहे हे लिहिलेले आहे. मी सगळे सांगून होईपर्यंत त्या शेंगा सोलत होत्या. भांडारप्रमुखांना त्या कोठावळा म्हणतात.

‘तुम्हीच ना ते महासागरवाले?’ त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

‘बरं झालं आलात. लोकांना पत्ता नको होता, घरपोच हवं होतं. आता घरपोच आलं.’

त्यांनी उठून जुनी सूची काढली. बंद होण्यापूर्वीची शेवटची. ‘मात्रा’ दोनदा, एकाखाली एक, दोन ठसे. माझा जीव भांड्यात पडला. तो त्यांनी लगेच बाहेर काढला. त्यांची एकटीची प्रत घेऊन गेलो, तर म्हातारीने रागापोटी रचली म्हणतील, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटले असते, असे त्या म्हणाल्या. पण सूची होती लहान. साठ हजार ओळी म्हणजे एका पत्रात मावणारा ऐवज. म्हणून दर शनिवारी त्या ती मागेल त्याला टपालाने, म्हणजे ईमेलने, पाठवत असत. मागणारे तीनशेच्या वर होते. भांडार एवढे मोठे, की ते एकाच ठिकाणी राहू शकते. सूची एवढी लहान, की ती कुठेही पडून राहते आणि तिला कोणी हलवत नाही.

आम्ही तीनशे जणांना लिहिले. चार दिवसांत एकेचाळीस जणांची उत्तरे आली. त्यांत एक शाळामास्तर होते, एक नकाशे काढणारी होती, एक विमा कंपनीतला हिशेबनीस होता. एकमेकांना कोणी ओळखत नव्हते. सूची जपून ठेवावी असे कोणाच्याही मनात नव्हते. पत्र पुसून टाकायचा कंटाळा केला, एवढेच. मनुष्यजातीच्या आळसाबद्दल मी आजवर जे लिहिले ते मागे घेतो. एकेचाळीस प्रतींत ती ओळ एकसारखी होती.

राहिला पेनड्राइव्ह. तो ताईच्या शिवणाच्या डब्यात होता. त्यातल्या प्रतीचा ठसा काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण ताईने दोन दिवस तो डबा उघडू दिला नाही. तिचे म्हणणे सरळ होते. आपण चुकलो की नाही हे तिला आज माहीत नाही; आणि माहीत नसणे तिला सोसते आहे. ठसा जुळला नाही, तर कळेल. त्यानंतर ती स्वतःच्या हाताने कोणाला एक गोळीही देऊ शकणार नाही, परिषद काहीही म्हणो.

‘आणि जुळला तर?’ मी विचारले.

‘तर तुझा तो पंडितपणा मारक ठरला. तेही काही बरं नाही.’

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तिने स्वतःच डबा आणून टेबलावर ठेवला. मी सूचीतला ठसा वाचत गेलो, ती पडद्यावर बोट ठेवून ताडत गेली. चौसष्ट अक्षरे. छप्पन्नाव्याला तिने थांबून चष्मा पुसला. शेवटचे अक्षर जुळल्यावर तिने वही बंद केली, पेनाला टोपण लावले.

‘म्हणजे अर्धी म्हणजे अर्धीच लिहिली होती मी,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, मला उद्देशून: ‘चहा ठेव. तुला तेवढं तरी जमतं.’

परिषदेच्या अध्यक्ष ह्या निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या हळू ऐकतात आणि सर्व काही दोनदा विचारतात. भांडारप्रमुखांनी सोबत वकील आणि पडद्यावर दाखवायची रंगीत चित्रे आणली होती. पहिला तास त्यांनी महासागराबद्दल सांगितले. शब्द माझा होता, श्रेय त्यांनी घेतले, मी हरकत घेतली नाही. मग ताईने एकेचाळीस प्रती मांडल्या, पेनड्राइव्ह मांडला, आणि परिषदेच्या तंत्रज्ञाकडून तिथल्या तिथे ठसा काढून घेतला. वकील म्हणाले की ती सूची केव्हाच रद्द झालेली आहे, तिला आज किंमत नाही. अध्यक्ष म्हणाल्या, जन्माचा दाखला हरवला म्हणून माणसाचा जन्म रद्द होत नाही.

माझीही साक्ष झाली. प्रस्तावना मीच लिहिली, ताईला मीच भरीला पाडले, विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर दिले नाही, हे मी सांगितले. ताई माझ्याकडे न पाहता ऐकत होती.

दोषाचा प्रश्न तेवढ्यावर मिटला होता. परिषदेने ताईची नोंदणी अबाधित ठेवली, रुग्णालयाने तिला परत बोलावले, आणि भांडाराचे सहा पानी निवेदन मागे घ्यावे असा आदेश झाला. ते मागे घेतल्याचे दोन ओळींचे निवेदन निघाले. त्यातही तिचे नाव चुकले आहे. बसचालकांची वाचा थोडी परतली, हात परतला नाही. ताईने त्यांच्या पत्नीला निकालाची प्रत नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, आणि इथून पुढे ह्यांची गोळी तुम्हीच मोजून द्यायची, असे सांगितले.

पण अध्यक्षांनी निकाल लिहायला घेण्यापूर्वी एक प्रश्न दोनदा विचारला होता: ही दोन पॅकेजे वेगळी आहेत, हे भांडारात कोणाच्याच लक्षात आले नव्हते का? पहिल्यांदा वकिलांनी उत्तर दिले, की एवढ्या मोठ्या कामात अशा बारीकसारीक गोष्टी यंत्रावर सोपवाव्याच लागतात. दुसऱ्यांदा त्यांनी वकिलांना बसायला सांगितले आणि भांडारप्रमुखांना उभे केले. त्यांचे उत्तर परिषदेच्या इतिवृत्तात एकोणिसाव्या पानावर आहे. शब्द त्यांचे आहेत, विरामचिन्हे लघुलेखिकेची.

‘आलं होतं. आमच्याकडं कामाला असलेल्या एका मुलीनं दोन्ही उघडून पाहिली होती, आणि एक औषधाचं आहे, एक कवितेचं आहे, असं मला लेखी कळवलं होतं. पण दोन्ही ठेवली असती, तर कुठली कुणाची हे सांगायला नावापुढं पत्ता लिहावा लागला असता. आणि आम्हीच पत्ते लिहायला लागलो असतो, तर लोकांनी विचारलं असतं, मग भांडार कशाला हवं? म्हणून मी तिला म्हटलं, एकच ठेव. त्यात औषध होतं हे मला माहीत होतं.’